शरणागताचे रक्षण

पारध्यांच्या भयाने आलेल्या सशाला सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जानूखाली आसरा दिला, ही लीळा सर्वांस ठाऊक आहे. तेथे प्रथम अभय आहे. हा क्रम ध्यानी धरावा.

उंद्रीसारख्या गावच्या शिवारात उन्हाळ्याच्या तोंडी धुरे पेटवितात. (त्यात किती जीव होरपळतात, ही हिंसा निराळीच!) वारा फिरला की तीच आग मळ्यातील घरावर जाते. अशा वेळी उघड्यावर पडलेल्या पतिपत्नीस ‘प्रपंच अनित्य आहे’ असे ऐकविणे हे वैराग्य नव्हे, निष्ठुरता होय. अनित्यतेचा विचार स्वतःच्या घराविषयी करावा. त्यांच्याकडे वासनिकांनी बल्ल्या, पत्रे, बियाणे घेऊन जावे, भिंती उभारू लागावे. आणि ज्या चुलीची भाकर आजवर झोळीत पडली, ती पुन्हा पेटेपर्यंत भिक्षूंनी त्या दारी भिक्षेस नव्हे, विचारपूस करण्यास जावे.