चौथं चाक

आमच्या गाडीच्या ब्रेकचं काम करायला उस्तादने १८०० रुपये सांगितले, तेव्हा मला एकदम महात्मा गांधींची आठवण झाली.

तशी नोटा मोजताना ती रोजच होते. बँकेत क्लार्क आहे मी. पण ही आठवण वेगळी. लहानपणी शाळेची सहल सेवाग्रामला गेली होती, तिथे गुरुजींनी एक गोष्ट सांगितली होती. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने गांधीजींचे केस कापायला नकार दिला. त्यांनी केस कापायचं यंत्र विकत घेतलं, आरशासमोर उभे राहिले आणि आपले केस आपणच कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले. कोर्टातले मित्र हसून विचारू लागले, ‘उंदरांनी कुरतडले की काय?’ आत्मकथेत हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. बॅरिस्टर माणसाला लाज वाटली नाही, तर बी.कॉम. माणसाला का वाटावी?

गाडी म्हणजे मारुती ८००. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत बनायची बंद झाली. आमच्याकडे आली ती तिसऱ्या हाताने. नागपूरच्या उन्हात तिच्या रेडिएटरला गळती लागली, तेव्हा मी त्यात चमचाभर हळद टाकून ती थांबवली होती. फ्यूज बदलला होता, दाराची कडी बसवली होती. उस्तादकडे काही सांगायला गेलं की तो बॉनेट उघडून नुसता ‘हूं’ म्हणे, आणि त्या ‘हूं’चेच दोनशे रुपये लावत असावा अशी माझी खात्री होती. त्यात हे १८००!

ब्रेकचं शास्त्र अगदी सोपं आहे. नळीत तेल असतं. तेल दाबून दबत नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. नळीत हवा शिरली की हवा मात्र दबते, आणि वरून आलेला जोर वाटेतच जिरतो. सरकारी योजनेचं अनुदान जिरतं, तसा. ती हवा काढायला प्रत्येक चाकामागे एक निपल असतो. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करायचा, बुडबुडे निघाले की पुन्हा आवळायचा. बस्स. तेलाची बाटली २६० रुपयांना. म्हणजे निव्वळ नफा १५४०! कॉस्ट अकाउंटिंगच्या मास्तरांनी ‘आणि तुझा रविवार कुठल्या खात्यात टाकलास?’ असं विचारलं असतं. पण क्लार्कच्या रविवारला बाजारभाव नसतो. चिरंजीवांच्या रविवारला असतो. पेडल दाबण्याबद्दल त्यांनी आइस्क्रीम आधीच कबूल करून घेतलं.

‘दाब!’ ‘दाबलं!’ ‘सोड!’ असा गजर आमच्या कंपाउंडमध्ये सकाळभर चालला होता. ब्रेकचं तेल रंग खातं, हे मला डाव्या मडगार्डाने शिकवलं. तीन चाकं झाली. चौथ्याचा निपल गंजलेला. पाना लावला की पाना सटके. जास्त जोर लावावा तर निपल तुटायची भीती. मी थोडा वेळ उताणा पडून विचार केला. चारातली तीन, म्हणजे ७५ टक्के. बी.कॉम.ला मला याहून पुष्कळ कमी होते आणि तरीही नोकरी लागली. मी बाहेर आलो, हात पुसले आणि म्हणालो, ‘झालं!’

हा शब्द फक्त मीच तपासला होता, हे लक्षात ठेवा.

पुढच्या रविवारी रामटेकला जायचं ठरलं. पन्नास किलोमीटर, आणि शेवटी गडाचा चढ. आई मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली आणि तिने सहज विचारलं, ‘ब्रेक नीट आहेत ना रे?’ पेडल अजून किंचित मऊ लागत होतं. ते एकट्या मला ठाऊक होतं. मी म्हणालो, ‘अगदी फर्स्टक्लास.’

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे समोरचा ऑटो बाजूला झाला आणि त्याच्या जागी एक रसाचा ठेला दिसला. मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि ठेला यांच्यात हातभर जागा होती, आणि त्या हातभर जागेत एक पोरगा आमच्याकडे पाठ करून उसाचा रस पीत उभा होता. त्याने ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि तो निघून गेला. त्याला काही कळलंच नाही.

गाडीत कोणी बोललं नाही. मी गाडी वळवली आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, उस्तादकडे चालवू लागलो. तशीच सोडून यायला हवी होती. पण तेवढी अक्कल अजून आली नव्हती. ही मात्र एकदाच म्हणाली, ‘तुम्ही चारही चाकं केली होती ना?’

आमच्या बँकेत तीनशे रुपयांचं व्हाउचरसुद्धा एका सहीवर पास होत नाही. नोंद करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. एवढी वर्षं मी समजत होतो की हे चोरांसाठी आहे. त्या दिवशी कळलं की ते माझ्यासारख्या प्रामाणिक माणसासाठी आहे, जो चौथ्या चाकाशी उताणा पडून स्वतःला ७५ टक्के देतो. आणि काटकसरीचंही तेच. गांधीजींचे मागचे केस बिघडले, ते त्यांच्याच डोक्याचे. माझ्या १५४० रुपयांच्या नफ्यात आईचं डोकं होतं, हिचं होतं, मुलाचं होतं, आणि त्या रस पिणाऱ्या पोराचं होतं, ज्याला मी विचारलंही नव्हतं. घरचं स्वावलंबन म्हणून मी जे मिरवत होतो, ते दुसऱ्याच्या तारणावर काढलेलं कर्ज होतं. सही मात्र माझी.

उस्तादने एकदा पेडल दाबलं. ‘हूं.’ मग विचारलं, ‘हे कोनं केलं, साहेब?’

‘होता एक माणूस,’ मी म्हणालो.

‘त्याले पैसे देल्ले?’

‘नाही.’

‘बरं केलं.’

त्याने चौथा निपल गरम करून पाहिला, तो तुटलाच. नवीन आणवला, चारही चाकांची हवा काढली. मग मी एक गोष्ट पाहिली. गाडी त्याने स्वतः फिरवून आणली नाही. हाताखालच्या पोराला पाठवलं, आणि पोराने ‘ठीक आहे’ म्हटल्यावर स्वतः चाक-चाक हाताने तपासलं. आमच्या बँकेची तिजोरी त्याने कधी पाहिली नसेल.

‘२१०० झाले.’

‘अहो, १८०० सांगितले होते!’ सवयीने तोंडातून गेलंच.

‘१८०० माझे,’ उस्ताद म्हणाला. ‘तीनशे त्या मान्साचे.’

मी मुकाट्याने मोजून दिले.

त्यानंतरच्या रविवारी रामटेकला गेलो. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असं मानतात. कामात कुचराई केली म्हणून यक्षाला वर्षभर तिथे राहण्याची शिक्षा झाली होती. गडावर पोचल्यावर मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘वर्षभरच?’

रेडिओ मात्र मीच दुरुस्त केला आहे. हॉर्न वाजवला की लागतो.