हवा गेली कुठं?

लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर एक बंगला आहे. रस्त्यावरून पाहिला तर बैठा. खाली उतरलं की डोंगरात निम्मा रुतलेला आणखी एक मजला. तिथं साहेबांची अभ्यासिका, तिचं बाथरूम आणि भिंतीपलीकडे राखणदार मामा-मावशींची खोली. वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावात अशा खोल्यांना ओल न येईल तरच नवल.

साहेबांनी बाथरूमला सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला. गरम पाण्यानं आंघोळ झाली तरी पाच मिनिटांत आरसा लख्ख. आल्यागेल्याला ते बटण दाबून दाखवत.

मामांच्या खोलीत मात्र दुसऱ्या पावसाळ्यातही बुरशी. गोधड्यांना कुबट वास, ट्रंकेतली मावशींची लग्नातली साडी घड्यांवर पांढरी पडलेली. साहेबांचं निदान ठरलेलं होतं. "मामा, तुम्ही कपडे आत वाळत घालता, खिडकी उघडत नाही. माझं बाथरूम बघा, कसं खडखडीत!" मामा मान डोलवत. आषाढात खिडकी उघडली की धुकंच आत येतं, हे पगार देणाऱ्याला कोण सांगणार?

शेवटी भिंतीचे पोपडे काढायला कामशेतचे गवंडी आबा आले. त्यांनी भिंतीला हातही लावला नाही. उदबत्ती पेटवून फॅनच्या जाळीपाशी धरली. धूर सरळ आत खेचला गेला.

"वढतोय झकास. सोडतोय कुठं?"

"बाहेर."

"मागं तर डोंगर हाय, सायेब."

आबा मामांच्या खोलीत गेले, स्टुलावर चढले आणि फॉल्स सीलिंगची एक फळी उचलली. चार इंची पाईपचं तोंड तिथंच उघडं होतं. फळीच्या पाठीवर थेंब, आणि खोलीभर उदबत्तीचा वास.

मावशी दारातून म्हणाल्या, "रोज सकाळी इथं चंदनी साबणाचा वास येतो. मला वाटायचं, वरच्या देवघरातला."

साहेब काही बोलले नाहीत.

आबांनी उपाय सांगितला. दरीकडच्या भिंतीला भोक पाडायचं. पाईप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवायचा, म्हणजे आत साचलेलं पाणी फॅनवर परत येत नाही. तोंड खाली वळवून जाळी बसवायची, नाहीतर झड आत शिरते. बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट हवी. हवा आत आली नाही तर फॅन बाहेर टाकणार काय? "कार्ल्याला डोंगर कोरणाऱ्यांनी दोन हजार वर्सांमागं दारावर केवढी कमान मोकळी सोडली. आपण बोटाची फट बुजवतो." आबांचं पुरातत्त्व बेताचंच, पण हात पक्का.

"दरीकडं म्हणजे नेमकं कुठं?"

"व्हरांड्यात."

"तिथं नको. सकाळचा चहा मी तिथं घेतो."

आबांनी फळी हातातच धरून ठेवली. तिच्यावरून एक थेंब ट्रंकेवर टपकला.

आठवड्याभरानं पाईप व्हरांड्यात निघाला. सकाळी सातला त्यातून चंदनाची वाफ येते. साहेबांनी खुर्ची स्वतःच उचलून दुसऱ्या टोकाला नेली आहे. मधल्या दोरीवर मावशींची साडी उन्हाची वाट पाहते.