सुट्टी कोणाची?

एप्रिलच्या अखेरीस परीक्षा आटोपल्या, निकालपत्रकें हातीं पडलीं, कीं छत्रपति संभाजीनगरांतील पुंडलिकनगरसारख्या मध्यमवर्गीय वस्तींत घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो: "यंदा सुट्टींत मुलाला कशाला घालायचें?" या प्रश्नाची शब्दयोजना लक्षांत घेण्याजोगी आहे. मूल काय करणार, असें कोणी विचारीत नाहीं. त्याला कशाला घालावें, असें विचारतात. विजेच्या खांबांवर आणि दुकानांच्या फळ्यांवर वर्गांच्या जाहिराती तोंवर लागलेल्याच असतात: सुंदर हस्ताक्षर, अबॅकस, चित्रकला, इंग्रजी संभाषण, आणि पुढच्या इयत्तेचा अभ्यास आगाऊ. मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंतचे सहा आठवडे हे जणूं पडीक रान आहे, आणि तें कोणी तरी लागवडीस आणलेंच पाहिजे, असा सर्वांचा समज दिसतो. पण हें रान कोणाच्या मालकीचें? सुट्टीचा वेळ मुलाचा, कीं त्याच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्या आईबापांचा? प्रश्न दिसतो घरगुती. पण तो नीतीचा आहे.

आईबापांची बाजू आधीं मांडली पाहिजे, कारण तिची टिंगल करणें सोपें आणि अन्यायाचें आहे. जे स्वतः शिक्षणाच्या बळावर खेड्यांतून या शहरांत आले आणि ज्यांनीं येथें दोन खोल्या उभ्या केल्या, त्यांना रिकाम्या वेळाची धास्ती वाटते ती उगाच नव्हे. दुपारच्या उन्हांत रस्त्यावर पाऊल टाकवत नाहीं, आईवडील दोघेही कामावर, जवळ मैदान नाहीं, आणि घरीं मोबाईल हाताशीं. अशा वेळीं वर्ग हा निदान एक सुरक्षित आसरा असतो. शिवाय या धास्तीला संशोधनाचाही कांहीं आधार आहे. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत १९८२ सालापासून कांहीं समाजशास्त्रज्ञांनीं शाळकरी मुलांच्या प्रगतीची वर्षानुवर्षें नोंद ठेवली. शाळा चालू असतांना गरीब आणि सुस्थितींतील मुलें जवळजवळ सारख्याच वेगानें पुढें जातात, त्यांच्यांतील अंतर वाढतें तें मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टींत, असें त्यांना आढळलें. पुढें इतर संशोधकांनीं या मापनाविषयीं शंका घेतल्या हें खरें. तथापि शाळेला कुलूप लागलें म्हणून शिकण्याला कुलूप लागत नाहीं, एवढें तर कोणीही मान्य करील. वाद आहे तो तें शिकणें कोणत्या जातीचें असावें, याविषयीं.

एका जुन्या सुभाषितानें विद्येचे चार पाव केले आहेत. एक पाव गुरूकडून मिळतो, एक स्वतःच्या बुद्धीनें, एक बरोबरीच्या विद्यार्थ्यांकडून, आणि उरलेला पाव काळ जाईल तसतसा. आपल्या शाळा वर्षभर पहिला पाव देण्यांत गुंतलेल्या असतात. तें त्यांचें कामच आहे. पण सुट्टीही आपण त्याच पहिल्या पावाच्या हवालीं केली, तर बाकीच्या तिघांनीं यावें केव्हां? जुन्या पाठशाळांतून अनध्यायाचे दिवस नेमलेले असत, आणि इंग्रजी 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ फुरसत असाच आहे. फुरसत ही विद्येची शत्रु आहे, असें या दोन्ही प्राचीन समाजांना वाटलें नव्हतें.

या संबंधांत आमच्या गल्लींतील एका मुलाची हकीकत सांगतों. तो त्या वर्षीं सातवींत जाणार होता. त्याच्या आईनें शिवणकामाच्या पैशांतून बाजूला काढून त्याचें नांव गणिताच्या एका वर्गांत घातलें होतें. सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यांत त्यानें तिला विचारलें, "आई, आपल्या नळाला पाणी कुठून येतं?" तिनें सांगितलें, "पैठणहून." "मग रोज का येत नाही?" याचें उत्तर तिच्याजवळ नव्हतें. पाणी कांहीं दिवसांच्या अंतरानें येतें, आणि मध्यरात्रीं येणार असेल त्या दिवशीं जागें राहावें लागतें, एवढेंच तिला ठाऊक होतें.

मुलानें गतवर्षीच्या वह्यांतील कोरीं पानें काढून त्यांची एक वही शिवली आणि तींत पाण्याची नोंद सुरू केली. पंधरा लिटरांची बादली भरायला किती वेळ लागतो, हें पहिल्या खेपेस त्यानें अंदाजानें लिहिलें. दुसऱ्या खेपेस घड्याळ लावून पाहिलें तेव्हां अंदाज चुकला होता असें कळलें. मग एके रविवारीं आजोबांनीं त्याला पाणचक्की दाखवली. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी हें गांव वसवलें आणि त्यासाठीं नहरी बांधल्या. तेंच गांव पुढें औरंगाबाद झालें आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर. नहरींच्या त्याच परंपरेंतली ही पाणचक्की. दूरच्या झऱ्याचें पाणी खापरी नळांतून आणून तें उंचावरून सोडावें आणि त्याच्या जोरावर जातें फिरवून फकिरांसाठीं व वाटसरूंसाठीं दळण दळावें, ही तेथली योजना. तेथून परततांना मुलगा म्हणाला, "आजोबा, तेव्हा पाणी उतरत यायचं. आता ते चढत येतं." त्याचें म्हणणें बरोबर होतें. जायकवाडी धरणाचा पाया १९६५ सालीं घातला गेला आणि १९७६ सालीं तें पुरें झालें. त्याच्या नाथसागराचें पाणी सुमारें पन्नास किलोमीटरांवरून पंपांनीं चढवून या शहरांत आणावें लागतें, कारण पैठण सखल आणि शहर उंचावर. हें वाक्य त्याला कोणीं पढवलें नव्हतें. दोन गोष्टी शेजारीं ठेवून त्यानें तें स्वतः शोधलें, आणि म्हणूनच तें त्याचें झालें.

पण याहून मोठी गोष्ट पुढें घडली. एका पाळीस चाळीस मिनिटें पाणी आलें. मिनिटास एक बादली, म्हणजे सहाशें लिटर. घरांत माणसें पांच, पुढची पाळी सहा दिवसांनीं. भागाकार केला तों माणशीं रोज वीस लिटर! आकडा खोटा वाटून त्यानें तो तीनदां तपासला. स्वतः तो एका आंघोळीलाच याहून अधिक पाणी घेत असे. तर मग आपलें जास्तीचें पाणी कोणाच्या वाट्यांतून येतें? घरांत अर्ध्या बादलींत कोण भागवतें, हें पाहायला त्याला फार दूर जावें लागलें नाहीं. त्यानंतर पाण्याच्या रात्रीं तो न सांगतां आईबरोबर उठूं लागला. भागाकार त्याला शाळेनें शिकवला होता. परंतु त्या भागाकारांत आपली आई आहे, हें त्याला सुट्टीनें शिकवलें.

मध्यंतरीं वर्ग सोडण्याचा विचार त्यानें बोलून दाखवला, तेव्हां आईच्या डोळ्यांत पाणी आलें. फी परत मिळणार नव्हती, आणि ती किती रात्री मशीन चालवून जमली होती हें तिलाच माहीत. येथें कोणाची बाजू घ्यावी? मला तर दोघेंही बरोबर वाटलीं. आईचा हक्क तिच्या कष्टांतून आला होता, मुलाचा त्याच्या जिज्ञासेंतून. शेवटीं मुलानेंच वाट काढली. घरच्या हौदांत किती पाणी मावतें हें त्याला काढायचें होतें. तो वर्गांत गेला आणि घनफळ कसें काढतात, हें त्यानें शिक्षकांना विचारलें. त्या दिवसापासून वर्ग त्याला जाचक वाटेना. वर्गांत दोष नव्हताच. स्वतःचा प्रश्न घेऊन गेलेल्यास गुरूचा पावही पुरता लाभतो. प्रश्नावांचून मिळालेलें उत्तर वहींतच राहतें.

कोणी म्हणेल, अशीं मुलें थोडीं. बहुतेकांच्या मोकळ्या वेळांत जिज्ञासा शिरत नाहीं, मोबाईल शिरतो. आक्षेप खोटा नाहीं. मुलाला एकटें सोडणें म्हणजे त्याला स्वातंत्र्य देणें नव्हे. पाणचक्कीपर्यंत चालत जाणारे आजोबा, प्रश्नाला "गप्प बस" न म्हणणारी आई, हें भांडवल त्या मुलाजवळ होतें, आणि तें पुरवणें हें मोठ्यांचें कर्तव्य आहे. फी भरून तें फिटत नाहीं. दुसरेंही एक सत्य आपण विसरूं नये. याच मराठवाड्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर गांवीं परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांची शाळा बुडालेली असते, आणि तीं घरीं येतात तों शाळेला सुट्टी लागते. त्या मुलांना मे महिन्यांत कोणी अक्षरें शिकवलीं, तर तें त्यांच्या सुट्टीवर आक्रमण नव्हे. त्यांच्या बुडालेल्या देण्याची ती फेड होईल. ज्याला वर्षभर पहिला पाव मिळालाच नाहीं, त्याला तो आधीं मिळाला पाहिजे. ज्याला तो भरपूर मिळाला, त्याला उरलेल्या तिघांसाठीं जागा मिळाली पाहिजे. दोघांनाही एकाच मापानें मोजणें हा न्याय नव्हे.

तेव्हां सुट्टी कोणाची, या प्रश्नाचें माझें उत्तर असें कीं, ती मुलाची. पण उधळण्यासाठीं नव्हे, सांभाळण्यासाठीं. मोठ्यांनीं तींत आपला थोडा वेळ घालावा, आपली भीति घालूं नये. आणि मुलानेंही आपल्या दिवसांचा हिशेब प्रामाणिकपणें स्वतःला द्यावा.

जूनमध्यें शाळा उघडली, तेव्हां गुरुजींनीं दरवर्षींप्रमाणें 'मी सुट्टी कशी घालवली' हा निबंध लिहावयास सांगितला. बहुतेकांनीं मामाचा गांव आणि आंबे लिहिले. त्यांतही कमीपणा कांहीं नाहीं. आमच्या गल्लींतल्या त्या मुलाचा निबंध मात्र वेळेंत पुरा झाला नाहीं. पाणी रोज कां येत नाहीं, याचें उत्तर आपल्याला अजून सांपडलें नाहीं, असें त्यानें शेवटीं लिहिलें होतें.