सुनीत आणि वाचकाचा न्याय

सुनीत समजणे म्हणजे काय, या प्रश्नाचे सोपे उत्तर पाठ्यपुस्तकांत मिळते : चौदा ओळी, ठरावीक यमकरचना आणि उत्तरार्धात विचाराला मिळणारी कलाटणी. हे उत्तर चुकीचे नाही. पण त्याने घाटाची ओळख होते, कवितेची नव्हे. तेराव्या शतकात सिसिलीच्या राजदरबारात उदयाला आलेला आणि पुढे पेत्रार्काच्या (१३०४–१३७४) हाती परिणत झालेला हा घाट केवळ ओळींच्या संख्येवर टिकलेला नाही. वाचकाकडून तो एक नैतिक अपेक्षाही करतो : बोलणाऱ्याचे म्हणणे पुरे होईपर्यंत निवाडा राखून ठेवावा.

पेत्रार्काच्या पद्धतीच्या सुनीतात आठ ओळींचे अष्टक आणि सहा ओळींचे षट्क असे दोन भाग असतात. अष्टकात एखादी अवस्था, तक्रार वा शंका मांडली जाते. षट्कात तिच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटते. शेक्सपिअरच्या १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या १५४ सुनीतांत बहुधा चार-चार ओळींचे तीन गट आणि अखेरची दोन सयमक चरणांची जोडी असते. तेथे कलाटणी कधी नवव्या ओळीशी येते, कधी तेराव्या ओळीपर्यंत लांबते. 'पण', 'तरी', 'म्हणून' अशा लहानशा अव्ययांकडे लक्ष ठेवणाऱ्या वाचकाला ती सापडते.

मराठीत हा घाट केशवसुतांनी (१८६६–१९०५) आणला. 'सुनीत' हे नाव पुढे रूढ झाले. अनेक मराठी सुनीते शार्दूलविक्रीडितात आहेत. एकोणीस अक्षरांच्या या चरणात बाराव्या अक्षरानंतर यती येतो. चार चरणांत अर्थ पुरा करणाऱ्या श्लोकाची सवय असलेला कान चौथ्या ओळीशी विसावू पाहतो. सुनीतातील वाक्य मात्र ती ओळ ओलांडून पुढे जाऊ शकते. वृत्ताचा यती आणि वाक्याचा विराम जेथे जुळत नाहीत, तेथील ताण मोठ्याने वाचल्यावाचून कळत नाही.

केशवसुतांच्या 'मयूरासन आणि ताजमहाल' या सुनीताच्या शीर्षकातच दोन वस्तू समोरासमोर आहेत. दोन्ही शाहजहानच्या, एक नादिरशहाने १७३९ साली लुटून नेली, दुसरी आजही उभी आहे. इतिहास जाणणाऱ्या वाचकाला येथे मोह पडतो. कवितेचा निष्कर्ष आपल्याला आधीच ठाऊक आहे असे मानून तो ओळींवरून केवळ नजर फिरवतो. ज्ञान असूनही हे ऐकणे नव्हे. समोरच्याच्या तोंडी आपलेच वाक्य घालणे आहे.

याच्या उलट टोकाचा अन्यायही संभवतो. अखेरच्या ओळी हाच कवीचा निवाडा समजून आधीच्या ओळी विसरणे, हा तो अन्याय होय. षट्काने अष्टकातील शंका खोटी ठरत नाही; पुष्कळदा समाधान शंकेपेक्षा दुबळेच असते. म्हणून शेवटाला पोचलेल्या वाचकाने पुन्हा आरंभाकडे जावे, आणि हा शेवट या आरंभाने खरोखर मिळवला आहे की केवळ यमकाने जुळवून आणला आहे, हे स्वतःला विचारावे. त्याचे उत्तर प्रत्येक सुनीतागणिक वेगळे येईल. ते उत्तर शोधण्याची तयारी मात्र वाचकाला प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते. माणसांचे बोलणे ऐकतानाही तिचीच गरज असते.