बहिणीचा वजीर

बावीस वर्षे नोटा मोजून माझे नीतिशास्त्र बँकेच्या काउंटरएवढेच रुंद राहिले आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक प्रश्न त्यावर मावेना. बुद्धिबळाच्या एका स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, आमच्या दोन्ही कन्या समोरासमोर आल्या. थोरली एकोणीस, धाकटी सतरा. धाकटीला पहिल्या नंबरासाठी नुसती बरोबरी पुरत होती. थोरली जिंकली असती तरी तिला काही मिळायचे नव्हते.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. कप घरात येतोय ना, मग येऊ द्यावा! थोरलीला चहाच्या टपरीवर गाठून म्हटले, "अगं, विसाव्या चालीला बरोबरी मागून टाक. धाकटी आहे आपली."

"बाबा, आजोबांची पेन्शन तुम्ही न मोजता देत होतात?"

याला म्हणतात शह! वडिलांची पेन्शन मी दोनदा मोजायचो आणि ते काउंटरसमोरच तिसऱ्यांदा मोजायचे. दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. न मोजता दिली असती, तर त्यांनी मॅनेजरची केबिन गाठली असती.

तरी मी खाडिलकर भगिनींना मध्ये घातले. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती वासंतीताईंनी जिंकली, आणि पहिली दहा वर्षे ते अजिंक्यपद वासंती, जयश्री, रोहिणी या तिघींच्या बाहेर गेले नाही. म्हटले, "बघ, घरातल्या घरात कसं ठेवलं!"

"रोहिणीताई १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. बहिणींनी वजीर फुकट दिले असते, तर खेळल्या असत्या?"

मी चहाचे पैसे दिले.

बत्तिसाव्या चालीला थोरलीच्या घोड्याने शह दिला आणि त्याच उडीत धाकटीचा वजीर टिपला. कप तिसऱ्याच मुलीकडे गेला. धाकटीने हात मिळवला आणि नळावर बराच वेळ तोंड धूत राहिली. एवढा वेळ तोंड धुण्याइतकी धूळ त्या हॉलमध्ये नव्हती. सौ. माझ्याकडे अशी पाहत होती, जणू घोडा मीच हलवला होता.

एसटीत दोघींनी छोटा पट उघडला.

"ताई, राजा इथे असता तर?"

"तर मी हरले असते."

धाकटी थोडी हसली. मग एकदम वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही ताईला काही सांगितलं नव्हतं ना?"

मी तिकिटाचे सुटे पैसे मोजू लागलो.