समाधान कशाचे मानावे?



समाधान हा शब्द आपल्या संप्रदायात फार सहज वापरला जातो. सप्ताह आटोपला की यजमान विचारतात, "महाराज, व्यवस्था बरी झाली ना?" आणि आपण म्हणतो, "समाधान आहे." मी स्वतः चाळीसहून अधिक वर्षे कीर्तने केली. समाधानावर किती वेळा निरूपण केले असेल याची मोजदाद नाही. पण या शब्दाचे दोन भाग करून पाहण्याची वेळ आली ती आवाज थकल्यावर, बुरोंडीला घरी बसल्यावर, आणि तीही एका जुन्या कॅमेऱ्यामुळे.

माझा पुतण्या शाळेत शिक्षक आहे. त्याला फोटोंचा नाद आहे. (लोक नाद हा शब्द दोष म्हणून वापरतात. आम्ही टाळमृदंगवाले तसे मानत नाही.) पगारात घर चालवून जे उरते त्यात त्याने कोणीतरी वापरून विकलेला कॅमेरा घेतला आणि पुढे मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन एक जुनी रशियन लेन्स आणली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क गावातल्या कारखान्यात झेनिट नावाचे कॅमेरे बनत, त्यावर ही हेलिओस नावाची लेन्स येई. अठ्ठावन्न मिलिमीटरची. बाटलीचे झाकण फिरवून बसवावे तशी ही आट्यांवर फिरवून बसवतात. आजच्या कॅमेऱ्याला तिचे आटे जुळत नाहीत, म्हणून मध्ये एक धातूची कडी घालावी लागते. हिच्यात विजेचा काही संबंध नाही. समोरचे स्पष्ट दिसायला हवे तर हाताने कडे फिरवा, उजेड कमीजास्त करायचा तरी हाताने कडे फिरवा. नव्या लेन्सच्या मानाने किंमत म्हणाल तर किरकोळ, दोन हजार रुपये.

एके दिवशी बंदरावर त्याने कॅमेरा माझ्या हाती दिला. म्हणाला, "काका, हे कडे हळूहळू फिरवा." प्रथम सगळा धूर. मग होडीची कड दिसू लागली, मग दोर, मग दोराचा पीळ, आणि थोडे पुढे गेलो की पुन्हा धूर. मला मृदंग लावण्याची आठवण झाली. डाव्या अंगाला कणीक लावून, उजव्या अंगाला गठ्ठ्यांवर हातोडी मारत मृदंगवादक स्वर शोधतो. स्वर अलीकडे असतो, पलीकडे असतो, आणि मधल्या एका केसाएवढ्या जागेवर असतो. ती जागा कानाला सापडावी लागते. इथे ती डोळ्याला सापडावी लागते, एवढाच फरक.

आमच्याकडच्या समुद्राच्या हवेत अशी वस्तू सांभाळणे हे एक व्रतच आहे. पावसाळ्यात भिंती घाम गाळतात, चपलांना बुरशी येते, तशीच ती लेन्सच्या आतल्या काचेवरही येते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. काचेवर जो पातळ लेप असतो तो ही बुरशी खाते, आणि एकदा खाल्ला की काच पुसून स्वच्छ केली तरी डाग राहतो. मग समोरून उजेड आला की चित्रावर पांढुरका पडदा पसरतो. त्याने घट्ट झाकणाचा डबा केला आहे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. त्यातले खडे कोरडे असले की निळे, ओल प्याले की गुलाबी. गुलाबी झाले की सूनबाई ते जुन्या तव्यावर मंद आचेवर भाजते आणि पुन्हा निळे करते. आषाढ-श्रावणात हे काम किती वेळा करावे लागते ते तिलाच विचारा.

एवढ्यावर थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण एका लेन्सच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच, आणि एका दिवाळीत पाहिले तर अकरा. एक जपानी, दोन जर्मन, बाकी कुठल्याकुठल्या. एका लेन्सने पाठीमागची पाने भोवऱ्यासारखी गोल फिरल्याचे दिसते, दुसरीने रंग जरा पिवळसर येतो, असे प्रत्येकीचे काहीतरी माहात्म्य. मी विचारले तेव्हा म्हणाला, "काका, लोक लाखाच्या लेन्सा घेतात. मी तर जुन्यावर, टाकलेल्यावर समाधान मानणारा माणूस."

मी म्हटले, "अरे, समाधानी माणूस दर रविवारी बाजारभाव बघत बसतो का? आणि दोन हजार अकरा वेळा गेले की बावीस हजार होतात, हे मास्तराला मी सांगायचे?"

तो हसला. पण मला त्या उत्तराने बरेच दिवस सोडले नाही. लोभ ओळखायचा तर आपण किंमत बघतो. महागाचा हव्यास चटकन दिसतो, लोक नावेही ठेवतात. स्वस्ताचा हव्यास मात्र काटकसरीचे कपडे घालून येतो आणि त्याला पाट मांडून बसवले जाते. घेणाऱ्यालाही वाटते, मी साधेपणाने राहतो आहे. तुळशीची माळ दोन आण्यांची असो की दोनशे रुपयांची, गळ्यात एक असली म्हणजे झाले. ती स्वस्त आहे म्हणून कोणी अकरा घालीत नाही.

जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली जाते, तिचाही विचार करू. माझ्या तरुणपणी दिंडीचा एकत्र फोटो काढायचा म्हणजे मोठे काम असे. भारतातच बनणारा आगफा क्लिक थ्री नावाचा डबा, एका रोळात बारा फोटो. रोळ कधी परदेशी, कधी आपला स्वदेशी 'इंदू', जो 1960 साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. फोटोवाला आधी पाहून घेई, विणेकऱ्याला मध्ये आणी, कोणाची टोपी सरळ करी, ढगाआडून ऊन येईपर्यंत थांबे, आणि मग एकदाच खटका दाबी. आज वाखरीच्या रिंगणात उभे राहा. अश्व सुटला की हजार हात वर होतात, प्रत्येक हातात मोबाईल. अश्व समोरून जातो आणि माणूस त्याला काचेत पाहतो. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला खाली वाकायचे राहून जाते.

म्हणून काही जण म्हणतात, जुन्या कॅमेऱ्याने नेम शिकवला. मला हे अर्धेच पटते. बारा फोटोंच्या रोळवाल्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. ज्याच्या घरात दाणा नाही त्याची एकादशी घडली असे आपण म्हणत नाही, तो उपाशी आहे असे म्हणतो. ताट वाढलेले असताना जो हात आवरतो त्याचा उपवास. पुतण्याच्या कॅमेऱ्यात हजार फोटो मावतात. तरी त्याने ठरवले आहे की सकाळी बंदरावर गेलो तर छत्तिसाच्या वर खटका दाबायचा नाही. त्याला मी नेम म्हणेन. लेन्स जुनी आहे याला नाही.

आणि अडचणीचे फार कौतुकही करू नये. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे कारागीर. चित्रपट काढायचा ध्यास लागला, पण परदेशी कॅमेरा आणण्याएवढा पैसा नव्हता. दोघे स्वतःच कॅमेरा बनवण्याच्या मागे लागले. 1916 साली आनंदराव वारले, काम अर्धे राहिले. बाबुरावांनी शिष्यांना हाताशी धरून 1918 मध्ये तो पुरा केला आणि त्यावर 'सैरंध्री' घेतला, तो 1920 साली पडद्यावर आला. आता या गोष्टीत समाधान कुठे आहे? हाताशी जे होते त्यावर काम सुरू केले, तिथे आहे. पण चित्र कसेही हलो, कसेही अंधुक येवो, आम्ही गरीब आहोत, चालवून घ्या, असे ते म्हणाले नाहीत. म्हटले असते तर त्यांच्या हाताखाली दामले आणि फत्तेलाल घडले नसते. याच दोघांनी पुढे 1936 मध्ये प्रभातचा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि ज्यांनी कधी देहू पाहिले नव्हते त्यांच्या डोळ्यांपुढे तुकोबा उभे राहिले.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळे मनात घोळू लागले तो सांगतो.

आमच्या वाडीतल्या पुष्कळ म्हाताऱ्यांचा आयुष्यातला एकच फोटो असतो, आधार कार्डावरचा. माणूस गेले की तोच मोठा करून भिंतीवर लावतात. चेहरा दचकलेला, डोळे फाकलेले, जणू चोर पकडून आणला आहे. पुतण्याने ठरवले की पंच्याहत्तरीपुढच्या प्रत्येकाचा एक नीट फोटो काढायचा, पैसे घ्यायचे नाहीत. त्यात एक माउली होत्या. कार्तिकीची वारी त्यांनी वर्षानुवर्षे केली. (आम्ही कोकणातले बहुतेक कार्तिकीचेच. आषाढीला आमचे पाय भातलावणीच्या चिखलात असतात.) त्यांना सकाळी पडवीत बसवले, हातात टाळ दिला, हेलिओसने फोटो काढला. त्या पौषात त्या गेल्या.

तो फोटो आज त्यांच्या घरी आहे. अंगणातला उजेड मागून आल्यामुळे चित्रावर ती पांढुरकी झाक आहे. लेक म्हणते, "आई अशीच दिसायची, काकडआरतीला निघताना." सगळ्यांना फोटो आवडला. एकट्या काढणाऱ्याला नाही. तो मला म्हणाला, "काका, त्यांना झाक दिसते, मला बुरशी दिसते. आणि स्पष्ट काय आले आहे ठाऊक आहे? कानाची पाळी. डोळे जरा मागे-पुढे झाले. नवीन लेन्स असती तर डोळा आपोआप शोधला असता. आता पुन्हा काढता येणार नाही."

मग त्याने विचारले, "कर्ज काढून नवी घेऊ का?"

इथे माझी खरी अडचण झाली. 'आहे त्यात समाधान मान' म्हणावे, तर मी त्याला वस्तूबद्दल नव्हे, कामातल्या उणिवेबद्दल समाधान मानायला सांगतो आहे. उद्या दुसऱ्या म्हातारीचेही डोळे अंधुक येतील आणि हा म्हणेल, काका म्हणाले होते. 'घे' म्हणावे, तर अकराची बारावी होते.

मला गोरोबाकाकांचे थापटणे आठवले. तेरला संतमंडळी जमली होती आणि मडक्याची परीक्षा करावी तसे काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. नामदेवरायांना राग आला आणि काकांनी निवाडा दिला की हे मडके कच्चे आहे. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली, पण थापटण्याकडे कधी पाहिले नव्हते. ते तेच लाकडाचे थापटणे, ज्याने रोज मडकी ठोकली जात. संतांची परीक्षा आहे म्हणून काकांनी वेगळे मागवले नाही. आणि मडके मात्र एकही कच्चे चालवून घेतले नाही, मग समोर नामदेवराय का असेनात. नामदेवरायांनीही तो निवाडा पोटात घातला आणि विसोबा खेचरांकडे गेले. हातातल्या साधनाबद्दल पूर्ण समाधान आणि हातून होणाऱ्या कामाबद्दल अजिबात नाही, या दोन्ही गोष्टी एकाच कुंभाराच्या ठिकाणी सुखाने नांदत होत्या.

आपल्या फडातही हेच आहे. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. कित्येक ठिकाणी ती दोन-तीन पिढ्यांपूर्वीची असते आणि नवी घेऊ असे कोणाच्या मनात येत नाही. पण कीर्तनाला उभा राहून 'आज जमले' असे म्हणणारा कीर्तनकार मला भेटलेला नाही. भेटला तर मी त्याच्या मागे टाळ धरणार नाही.

आपले होते ते असे, की या दोन्हींची अदलाबदल होते. काम नीट झाले नाही ही टोचणी कष्टाची मागणी करते. सराव करा, पहाटे उठा, पुन्हा जा. वस्तू विकत घेणे त्यापेक्षा सोपे. म्हणून टोचणी कामाची असते आणि आपण ती बाजारात जाऊन शमवतो. चार दिवस बरे वाटते.

मी पुतण्याला म्हटले, "आधी शंभर चेहरे या एकाच लेन्सने काढ. कडे कुठे थांबवायचे ते बोटांना कळू दे. मग डोळे अंधुक येत असतील तर खुशाल नवी घे, कर्ज काढून घे. तेव्हा ती गरज असेल आणि मी आडवा येणार नाही."

त्याने अश्विनातला सारा महिना रोज सकाळी आपल्या आईला पडवीत बसवून एकेक फोटो काढला. वहिनी वैतागल्या, पण बसल्या. हेलिओस मुंबईला उघडून साफ करून आणली. बुरशी गेली, काचेवरचा डाग राहिला. म्हणून उजेड आता पाठीमागून येऊ न देता बाजूने घेतो. आठ लेन्सा त्याने शाळेतल्या मुलांना आणि ओळखीच्यांना देऊन टाकल्या. राहिल्या तीन.

तिसरीवरून आमचा वाद चालू आहे. तो म्हणतो, ती दूरचे पाहायला लागते, होड्या येताना घ्यायला. मी म्हणतो, होडी बंदराला लागेपर्यंत थांब, ती तुझ्याकडेच येते आहे. वहिनींचे मत त्याच्या बाजूने आहे.

वाडीतल्या यादीत अजून सतरा नावे आहेत. माझेही आहे. मला त्याने सांगून ठेवले आहे की पागोटे बांधून बसायचे, टोपी चालणार नाही, आणि ऊन पडवीच्या तिसऱ्या खांबावर आले की हाक मारीन.