आधी बसून हिशेब करा

मनन : लूक 14:28-30



धानाची रोवणी आटोपते न आटोपते तोच आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तापाचे दिवस सुरू होतात. कुणाला हिवताप, कुणाला डेंग्यू. मग एखाद्या रात्री फोन येतो, "पेशी फार कमी झाल्यात. दाता पाहिजे. कुणी येईल का?" अशा वेळी आपण काय करतो? खरे सांगायचे तर पुष्कळदा आपण गप्प बसतो. रविवारी वेदीसमोर एकाच भाकरीचे वाटेकरी होणारे आपण, सोमवारी फोन उचलायला कचरतो.

हे आपण दुष्ट आहोत म्हणून होत नाही. आपल्याला भीती वाटते. "यंत्रात सगळे रक्त ओढून घेतात", "एकदा दिले की अंगातली ताकद जाते", "परत येणाऱ्या रक्तातून रोग लागतो", असे आपण ऐकलेले असते. कुणीतरी कधी गेलेला असतो, त्याला तिथे चक्कर येते, आणि ती गोष्ट अख्ख्या मोहल्ल्यात फिरते. पुढे त्या मोहल्ल्यातून कुणीच जात नाही.

आजच्या मननासाठी घेतलेल्या वचनात प्रभू येशू बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाविषयी बोलतो. तो माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. प्रभू त्याला भित्रा म्हणत नाही. हिशेब न करता पाया घालणारा आणि काम अर्ध्यावर सोडणारा हसण्याचा विषय होतो. म्हणून आज आपणही प्लेटलेट-दानाचा हिशेब करू या. त्यातले काहीही लपवू नये, आणि काही वाढवूनही सांगू नये.

आपण ज्यांना नुसते 'पेशी' म्हणतो त्या प्लेटलेट म्हणजे रक्तस्राव थांबवणारे रक्तातील सूक्ष्म कण. कर्करोगाच्या औषधोपचारात किंवा गंभीर तापात त्या फार घटल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पिशवीतल्या प्लेटलेट सुमारे पाच दिवसच टिकतात, म्हणून त्या महिनोन्‌महिने साठवून ठेवता येत नाहीत. अफेरेसिस यंत्र प्रत्येक गावी नसते, त्यासाठी पुष्कळदा नागपूरपर्यंत जावे लागते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, हे आपण जाणतोच. अशा वेळी शहराजवळ राहणारा, आधीच तपासणी झालेला दाता हाच आजाऱ्याचा आधार असतो.

या दानात दात्याच्या हातातून रक्त यंत्रात जाते. यंत्र त्यातील प्लेटलेट वेगळ्या करते आणि उरलेले रक्त दात्याच्या शरीरात परत सोडते. याला एक ते दोन तास लागतात. सगळे रक्त एकदम बाहेर काढले जात नाही. एका वेळी शरीराबाहेर थोडेच रक्त असते. सुई, नळ्या आणि पिशव्या निर्जंतुक असतात, एकदाच वापरून त्या टाकून देतात. म्हणून दुसऱ्याचा रोग दात्याला लागण्याची भीती बाळगू नये. दिलेल्या प्लेटलेट शरीर काही दिवसांतच भरून काढते.

आता त्रास. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात सायट्रेट नावाचे द्रव्य मिसळतात. त्यातले थोडे दात्याच्या शरीरात जाते आणि रक्तातील कॅल्शियम काही काळ कमी करते. त्यामुळे ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, थंडी वाजते, कधी तोंडाला धातूसारखी चव येते. असे झाले की सोसत बसू नये, लगेच सांगावे. यंत्राचा वेग कमी केला आणि कॅल्शियमची गोळी दिली की बहुधा बरे वाटते. न सांगता सोसले तर हातपाय आखडण्यापर्यंत त्रास वाढू शकतो. सुईच्या जागी काळेनिळे पडू शकते. काहींना चक्कर येते. म्हणून जेवून, पाणी पिऊन जावे आणि दान झाल्यावर थोडा वेळ तिथेच थांबावे. जंगलातल्या रस्त्याने लगेच एकट्याने मोटारसायकल हाकू नये. गंभीर त्रास क्वचितच होतो, पण होऊ शकतो. म्हणूनच हे काम परवानाधारक रक्तपेढीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालते.

वर्षानुवर्षे वारंवार दान करणाऱ्यांचे काय? अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा काही दात्यांच्या रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या आढळल्या. त्यामुळे ते अधिक आजारी पडतात असे सिद्ध झालेले नाही, पण मर्यादा का हवी ते यावरून कळते. आपल्या देशाच्या नियमांनुसार दाता 18 ते 60 वर्षांचा आणि किमान 50 किलो वजनाचा असावा, त्याच्या प्लेटलेट दीड लाखांहून अधिक असाव्यात. दोन दानांत निदान 48 तासांचे अंतर हवे. आठवड्यात दोनदा व वर्षात 24 वेळा, याहून अधिक नाही. हिवतापातून पूर्ण बरे झाल्यावरही तीन महिने थांबावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी, तसेच सिकलसेलचा आजार असणाऱ्यांनी देऊ नये. नुकतीच ॲस्पिरिन घेतली असेल तर ते सांगावे. तिथे खोटे बोलून केलेले दान आजाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

हिशेबाची आणखी एक बाजू आजाऱ्याच्या नातलगांसाठी. डेंग्यूत आकडा उतरला म्हणजे लगेच प्लेटलेट चढवाव्या लागतात असे नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण 10,000 च्या खाली गेल्यावरच त्यांचा विचार होतो. डॉक्टर थांबा म्हणत असतील तर त्यांच्याशी भांडू नका. विनाकारण चढवलेली पिशवी दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची असते.

अवयवदानाविषयी बोलताना ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद 2296) हाच हिशेब सांगतो. दात्याला होणारा धोका घेणाऱ्याच्या हिताशी प्रमाणात असावा आणि दात्याची संमती असावी, अशी त्याची शिकवण आहे. कुणाला लाजवून, दटावून किंवा बळजबरीने दान घ्यायचे नाही. रक्त विकण्यास तर आपल्या देशात 1998 पासून बंदी आहे.

दयाळू शोमरोनी आठवा. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, जखमींना ठेवतात तसे त्याला उतारशाळेत ठेवले, दोन दिनार दिले आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेला. परत येईन असेही सांगून गेला. त्याने सर्वस्व उधळले नाही, आणि तोंडही फिरवले नाही. जवळ होते ते, झेपेल तेवढे, अनोळखी माणसासाठी दिले. प्लेटलेट देणारा असाच असतो. ज्याचे नावही ठाऊक नाही त्याच्यासाठी तो दोन तास हात पसरून बसतो, मुंग्या सोसतो आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवतो.

तेव्हा या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. आपला रक्तगट ठाऊक नसेल तर तपासून घेऊ या. ज्यांना झेपेल त्यांनी जवळच्या रक्तपेढीत दाता म्हणून नाव नोंदवू या. आणि ज्यांना वय, वजन किंवा आजारामुळे देता येत नाही त्यांना आपण कमी लेखू नये, त्यांनीही मन खट्टू करू नये. दात्याला नागपूरला नेणारा, त्याच्या घरची गुरे सांभाळणारा, आजाऱ्याच्या आईजवळ रात्र जागणारा, हे सारे त्याच दानाचे वाटेकरी आहेत.

आपल्यासाठी रक्त सांडलेला प्रभू येशू आपल्याला भीतीतून सोडवो, आणि पुढच्या वेळी फोन वाजेल तेव्हा उत्तर देण्याचे बळ देवो. आमेन.